प्रभाकर, पुडी हातात नव्हती

प्रभाकर,

आपल्या औषधशास्त्र संघटनेच्या अंकात तुझ्यावर श्रद्धांजली यायची आहे, त्यासाठी तुझी माहिती मागवली होती. जन्मगाव, पदव्या, शोधनिबंध, तुझ्या हाताखाली किती जण एम.डी. झाले. ते काम मी विभागातल्या दुसऱ्याकडे सोपवलं. मला एवढंच सांगता येतं की फावड्याचा दांडा माणसाच्या डोक्यावर बसतो तेव्हा आवाज मोठा होत नाही. ओला, बसका आवाज असतो. आपण एवढी वर्षं औषधशास्त्र शिकवलं, त्यापायी कितीतरी जनावरांचे जीव घेतले, तरी तो आवाज मी आधी ऐकला नव्हता.

शुक्रवारी मला वर्ध्याच्या कारागृहात जायचं आहे. तहसीलदार काही माणसं ओळीने उभी करतील आणि विचारतील, यातला कोण होता. तुला मारणाऱ्यांपैकी दोघांना मी गर्दीतही ओळखीन. दांडा घातला तो तिसऱ्याने. सगळ्यांना वाटतं मी त्याच्याकडे बोट दाखवावं. मलाही वाटतं. पण मी त्याला नीट पाहिलं का, हा प्रश्न आहे, आणि असल्या प्रश्नावर मी आजवर तुझ्याशीच भांडत आलो. तेव्हा आताही तुझ्याशीच.

एम.डी.ला आपण एकाच दिवशी रुजू झालो. त्या वेळच्या विभागप्रमुखांचा दंडक होता: ज्याने उंदराला औषध टोचलं, प्रयोग संपल्यावर त्याचा शेवटही त्यानेच करायचा. परिचराच्या हाती द्यायचं नाही. आता भूल देऊन शेवट करतात. तेव्हा हाताने मान मोडायची पद्धत होती. माझ्या मुठीत तो गरम, थरथरणारा जीव होता आणि मी नुसताच उभा होतो. तू मागून येऊन माझं मनगट धरलंस.

"अर्धवट नको करू बे. अर्धवट करशीन तं त्याले तरास. आंगठा मानेवर दाब, शेपटी वढ. एका झटक्यात."

कट् झालं. मी बेसिनवर ओकलो. तू पाठीत धपका घालून म्हणालास, "घे मास्तर, झाला तू औषधशास्त्रज्ञ." मी कमी बोलायचो, पुस्तकात तोंड घालून बसायचो, म्हणून मास्तर. ते नाव तू शेवटपर्यंत सोडलं नाहीस. त्या दिवशी मेसमध्ये तू जेवला नाहीस हे मात्र मी पाहिलं होतं. कधी बोललो नाही.

त्याच वर्षी तू मला पवनारला घरी नेलंस. तुमच्या वावरात वांगी लागली होती, बाजारासाठी सांबाराच्या जुड्या बांधणं चाललं होतं. मी कोथिंबीर म्हणालो तर तुझे बाबा हसले. मग मला न्याहाळून म्हणाले, "तू बी याच्यासारखाच का? मानसाईचा डाक्टर नाई?"

मी समजावलं, की आम्ही औषधांवर काम करतो, आधी उंदरांवर करून पाहतो.

"उंदरंच माराची होती तं इतकं शिकाचं काऊन? घरी कोठीत मायंदाळ हायेत."

तू हसता हसता ठसकलास, डोळ्यांत पाणी आलं. गावात तुला पुढेही उंदराचा डॉक्टरच म्हणत राहिले. बरोबरीचे शल्यचिकित्सक झाले, त्यांनी वर्ध्यात दवाखाने बांधले. तू फटफटीवर फिरत राहिलास. या विषयात कुणी हौसेने येत नाही, हे आपण दरवर्षी नव्या विद्यार्थ्यांच्या पडलेल्या तोंडांवर वाचायचो. तू त्यांना पहिल्याच तासाला सांगायचास, "दुसरं काही मिळालं नाही म्हणून इथं आले असाल तर बाहेर जा. इथं रोज कोणाचा तरी जीव हातात येतो, फक्त त्याचा चेहरा दिसत नाही." मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं तर डस्टर भिरभिरत जायचा. पोरं तुला ॲड्रेनलिन सर म्हणायची. तुला ठाऊक होतं. आवडायचंही.

मधली काही वर्षं तू हैदराबादला औषध कंपनीत होतास. औषधांचे दुष्परिणाम तपासण्याचं काम. एखाद्या रोग्याला अपाय झाला तर तो औषधामुळेच झाला का, याच्या पायऱ्या ठरलेल्या असतात: निश्चित, त्याखाली संभवनीय, त्याखाली शक्य, आणि शेवटी संबंध नाही. एका मृत्यूपुढे तू 'संभवनीय' लिहिलंस. वरचे साहेब म्हणाले, 'शक्य' करा, एका पायरीने काय बिघडतं. तू पेपरवेट उचलून त्यांच्या टेबलाची काच फोडलीस. वर्धा स्टेशनवर तुला घ्यायला आलो तेव्हा पट्टी बांधलेला हात डब्याच्या दारातूनच वर करून तू म्हणालास, "नोकरी गेली बे. पण काच भल्ली फुटली."

मी तुझं कौतुक करायचो आणि मला तुझी भीतीही वाटायची. तुझा राग खरा असायचा, पण तो कुठे जाऊन आदळेल याचा नेम नसायचा. दुकानदारांशी, औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींशी, परीक्षकांशी तू भांडलास. माझ्याशी तर रोजच. बेडकाचं भांडण आपलं अजून मिटलेलं नाही. पूर्वी विद्यार्थी बेडकाच्या मणक्यात सुई घालून त्याची जाणीव संपवायचे आणि मग त्याच्या हृदयावर औषध टाकून पाहायचे. आता ते सारं संगणकावर दिसतं. मी म्हणालो, बरं झालं, एवढी हत्या थांबली. तू म्हणालास, "पडद्यावरचा बेडूक मेला तं बटन दाबलं की उठते. मंग या पोट्ट्याईले औषधाचं भय कुठून येईन?" मी म्हणालो, भीती शिकवायला मारावंच लागतं का? तू दार आपटून गेलास. त्या उत्तराचं माझं येणं तुझ्याकडे अजून बाकी आहे.

आता त्या बाईबद्दल.

हिंगणीच्या पलीकडून, बोर धरणाच्या अंगाच्या एका गावातून ती आपल्या रुग्णालयात आली. कापूस वेचून गुडघे गेलेले. चेहरा सुजून गोल झालेला, कातडी कागदासारखी पातळ. दुसऱ्याच दिवशी तिला रक्ताची उलटी झाली. भिंतीपर्यंत उडाली ती. नर्स पुसत होती आणि बाई पुन्हा ओकत होती. संध्याकाळपर्यंत ती गेली. तिच्या मुलाने सांगितलं, गावात एक डॉक्टर आहे, पदवी कसलीच नाही, तो दुखण्यावर पांढऱ्या भुकटीच्या पुड्या देतो. आई वर्षभर घेत होती. तू आणि मी एकमेकांकडे पाहिलं. स्टेरॉइड. दुसरं काय असणार.

दुष्परिणामाचा अहवाल लिहायला आपण तुझ्या खोलीत बसलो. मी म्हणालो 'संभवनीय' लिहू. तेवढं लिहिलं तर औषध प्रशासनाच्या कार्यालयाला फोन करून त्या माणसाचं दुकान बंद करायला लावता येईल. तू पेन बाजूला ठेवलंस.

"पुडी हाय का हातात?"

"नाही. पण लक्षणं बघ. चेहरा बघितलास ना तिचा?"

"ती गुडघ्यासाठी दुकानातून दुसऱ्या गोळ्या बी घेत होती. पोरगा बोलला. त्यानं बी रक्त येते. पुडी नाई तं 'शक्य'. बस."

"बाई मेली आहे, प्रभाकर."

तू उठलास आणि माझी कॉलर धरलीस. तिशी उलटल्यावर तू असं केलं नव्हतंस. "मेलेली बाई उलटून बोलत नाई, म्हणून तिच्या नावावर काईबी लिवाचं का? हैदराबादले खाली कर म्हणत होते, तू वर कर म्हणून राह्यला. फरक काय तुमच्यात?"

 तेव्हा तुला मारावंसं वाटलं हे आता कुणाला सांगू? तू कॉलर सोडलीस, ती हाताने नीट केलीस आणि म्हणालास, "उद्या जाऊ. पुडी आणू. मंग 'संभवनीय' मीच लिवतो."

प्रभाकर, त्या दिवशी मला तो एक शब्द लिहू दिला असतास तर आपण त्या गावाला गेलोच नसतो.

पानटपरीशेजारी त्या माणसाची खोली होती. तो परगावी गेलेला, खोलीला कुलूप. तू टपरीवर चौकशी केलीस, अगदी सौम्यपणे. तेवढ्यात एक आजी आली, पदराच्या गाठीत तिच्या पुड्या बांधलेल्या. तू हात जोडलेस.

"आजी, एक पुडी द्या मले. तपासून परत आणून देतो."

"काऊन? माह्ये गुडघे तू चालवशीन का?"

टपरीवरची माणसं हसली. तूही हसलास. मग समजावून सांगितलंस की यात घातक औषध आहे, याच गावची बाई रक्त ओकून मेली. आजी म्हणाली, "तिचं भरलं होतं, मेली. मी याच्यावरच उठून राह्यली. तुमच्या दवाखान्यात गेलती तं लाईन लावून गोळी नाई भेटली." आणि तिने तिथेच, तुझ्यासमोर, एक पुडी सोडून तोंडात टाकली.

तिथे तुझा तोल गेला. मी तुझ्या दंडाला हात घातला होता, तू तो झटकलास. तू तिच्या पदराची गाठ धरून ओढलीस. गाठ सुटली, पदर खांद्यावरून घसरला, पुड्या मातीत सांडल्या. एक तू खिशात घातलीस आणि बाकीच्यांवर पाय घासलास. आजी मटकन खाली बसली आणि हातांनी भुकटी गोळा करू लागली.

"म्हातारीच्या पदराले हात घातला बे यानं."

हे कुणी म्हटलं ते ठाऊक नाही. पण त्यानंतर कुणी काही विचारलं नाही. शेतकऱ्याचा पोरगा असून तू हे केलंस. औषध बरोबर, निदान बरोबर, आणि हात नको तिथे. तुझ्या बाजूने लिहायला बसलोय म्हणून हे गाळणार नाही. गाळलेलं तुलाही चाललं नसतं.

आधी थपडा होत्या. मग लाथा सुरू झाल्या. मिशीवाला एक जण होता, त्याने तुझ्या बरगड्यांत गुडघा घातला, ते मी स्पष्ट पाहिलं. दुसऱ्याच्या कानात बाळी होती. तो तुझे केस धरून तोंड टपरीच्या लोखंडी पायावर आपटत होता आणि दर वेळी मोठ्याने शिवी देत होता. तुझे दात मातीत पडले. तू गप्प राहिला असतास तर कदाचित सुटला असतास. तू रक्ताच्या गुळण्यांतून ओरडत होतास, "खा लेकहो. विष खा. मरा सारे." मी मध्ये पडलो. एक चपराक बसली, चष्मा उडाला आणि कुणाच्या तरी चपलेखाली चुरडला. तू नेहमी म्हणायचास, चष्म्याबिगर हा म्हशीले बी नमस्कार करन. खरंच आहे. त्यानंतर मला फक्त रंग दिसत होते. एक काळसर सदरा डावीकडून आला. हात वर गेले. हातात लांब काहीतरी. आणि तो आवाज.

मग सगळे पांगले. आजी तेवढी राहिली. तिने तोच पदर गोळा करून तुझ्या डोक्यावर दाबून धरला आणि रडत मला म्हणाली, "गाडी आण ना बापा, पाहून काय राह्यला?"

तू आपल्याच अतिदक्षता विभागात पडून होतास. आपण शिकवलेली पोरं तुझ्या नळ्या बघत होती. एकदाच शुद्धीवर आलास. ओठ हलले. मी कान लावला. तू म्हणालास, "पुडी?" मी म्हणालो, आहे, सांभाळून ठेवली आहे. खोटं बोललो नाही. पण ती माझ्याकडे नव्हती. रक्ताने भिजलेल्या शर्टासकट पोलिसांनी ती नेली. आज ती खुनाच्या खटल्यातला मुद्देमाल आहे, सील केलेली. त्या बाईच्या अहवालात अजून 'शक्य'च आहे. तुझा जीव गेला आणि एक पायरीही वर सरकली नाही.

त्यानंतर निवासी डॉक्टरांनी काळ्या फिती लावल्या, फाशी द्या म्हणून घोषणा दिल्या. मीही फीत लावली. पोलिसांनी त्या पुडीवाल्याच्या मेहुण्याला धरलं. त्याचा फोटो पेपरात आला. मी तो पाहायला नको होता, पण घरात पेपर येतोच. आता त्या काळसर सदऱ्याला आठवणीत तोच चेहरा चिकटलाय. मी डोळे मिटतो, दांडा उचलला जातो, आणि फोटोतला माणूस माझ्याकडे बघतो. आपण विद्यार्थ्यांना हेच शिकवतो ना, की उत्तर आधी कळलं तर निरीक्षण नासतं?

पोलीस निरीक्षकांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टेन्शन नका घेऊ. दांडा त्याच्याच घरून भेटला. तुम्ही फक्त बोट दाखवा, बाकी आम्ही पाहतो."

"दांडा तर गावात घरोघरी असतो."

"तुम्ही दोस्त होते ना त्यांचे?" एवढंच म्हणाले ते, आणि चहा मागवला.

गावात कुणी तोंड उघडत नाही. आजी सांगते, मी खाली पुड्या वेचत होती, वर पाहिलंच नाई. म्हणजे उरलो मी. तेव्हापासून मी मनात काय काय केलं ते ऐक. मी त्या माणसाचं डोकं त्याच टपरीच्या पायावर आपटलं. त्याचे दात मोजत बसलो. वर्गात शिकवता शिकवता, फळ्यावर मात्रेचं गणित लिहिताना, मी त्याला मारत होतो आणि हातातला खडू मोडत होता. आयुष्यभर तू आरडाओरडा करायचास आणि मी शांत असायचो. माझ्यात हे एवढं होतं, तुला माहीत होतं का?

इथवर लिहून थांबलो होतो. आज जाऊन आलो.

प्रत्येक संशयितासाठी वेगळी रांग होती; पहिल्या दोन रांगांत वेळ लागला नाही. मिशी काढून टाकली होती, तरी ओळखला. बाळी काढली होती, पण कानाचं भोक तेच, आणि नजर तीच. मी दोघांच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, हा होता, आणि याने काय केलं. आवाज हलला नाही.

तिसरी रांग आली. नवा चष्मा घालून मी एकेकापुढून गेलो. फोटोतला माणूस मधोमध उभा होता. घामेजलेला, ओठ चाटत होता. मी त्याच्या मानेकडे पाहिलं. अंगठा कुठे ठेवायचा ते माझ्या हाताला ठाऊक आहे. एका झटक्यात, अर्धवट नाही. तहसीलदार बाजूला कागद घेऊन उभे होते. एक बोट वर करायचं होतं, बाकी सगळं सरकार करणार होतं.

"ओळखता का यातल्या कुणाला?"

"हा असू शकतो."

"असू शकतो असं नाही लिहिता येत, डॉक्टर. हो किंवा नाही."

मी त्या माणसाकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने केलं असेल. बहुतेक त्यानेच केलं. 

"मग नाही."

बाहेर निरीक्षक पाठ फिरवून गाडीत बसले. मी थेट पवनारला तुझ्या घरी गेलो. शोभावहिनी ओट्यावर बसल्या होत्या, बाबा आत खाटेवर. मी चपला काढायच्या आधीच वहिनींनी विचारलं, "भाऊजी, वळखलं ना?"

"दोघांना ओळखलं."

"अन् त्याले?"

"वहिनी, तेव्हा माझा चष्मा पडला होता. मला दिसलं नव्हतं."

त्यांना क्षणभर कळलंच नाही. मग त्या उठल्या. "माह्या नवऱ्याचं डोस्कं फुटलं, अन् तुमी मले चष्मा सांगून राह्यले?" त्यांनी माझा शर्ट दोन्ही मुठींत धरला. बटणं तुटली. त्या मला छातीवर, तोंडावर मारू लागल्या, तळहाताने, मग मुठीने. आतून बाबा खोकत म्हणाले, "सोड वो, शोभे." वहिनींनी सोडलं नाही. मी त्यांना सांगू पाहत होतो की खोटं 'निश्चित' सांगितलं तर उद्या न्यायालयात तेच उलटलं असतं, की दुसरे पुरावे आहेत, की दांड्यावरच्या रक्ताचा अहवाल यायचा आहे. हे सारं खरं आहे. पण मी 'नाही' म्हणालो ते यातल्या कशामुळेच नाही, आणि वहिनींना ते दिसलं.

दमल्यावर त्या थांबल्या. श्वास लागला होता. हळू आवाजात म्हणाल्या, "त्याईनं बी हेच सांगतलं असतं. ठाऊक हाय मले. म्हणूनच मेले ते."

मी मान हलवली.

"मंग तुमी काऊन नाई मेले, भाऊजी?"

बाबा आत पुन्हा खोकले. वहिनी माझ्या उत्तराची वाट पाहत उभ्या राहिल्या, मुठी अजून वळलेल्या. मी हात खालीच ठेवले.